पाहुणा कुणी बोलवायचा? कॉलेजातली व्याख्यानं आणि गॅदरिंग यांची पार्श्वभूमी

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या जवळपास कुठल्याही आर्ट्स कॉलेजच्या फळ्यावर दोन सूचना शेजारी शेजारी लागलेल्या दिसतात. एक टाइप केलेली, शिक्क्याची: बहिःशाल (म्हणजे वर्गाबाहेरच्या शिक्षणाची) व्याख्यानमाला, उपस्थिती अनिवार्य. दुसरी स्केचपेननं रंगवलेली: साडी डे, टाय डे, फिशपाँड, शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ. पहिलीसाठी हॉल भरायचा तर प्राध्यापकांना वर्गावर्गांतून मुलं गोळा करत फिरावं लागतं. दुसरीसाठी गर्दी आवरायला दारात शिपाई उभा करावा लागतो. व्याख्यान कॉलेजचं आणि गॅदरिंग पोरांचं, अशी ही वाटणी आता सगळ्यांनी गृहीत धरली आहे. सुरुवातीला मात्र चित्र बरोबर उलटं होतं. व्याख्यानंच पोरांची होती.

1848 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुणांनी आपल्या प्राध्यापकांच्या मदतीनं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तिथे बाहेरचा वक्ता हा मुद्दाच नव्हता. सभासदानं निबंध लिहायचा, तो सभेत वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. इंग्रजीतलं हे बोलणं चार भिंतींबाहेर जावं म्हणून मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचं, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचं, अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होतं. 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागलं. वादविवाद करून ही मंडळी थांबली नाहीत. 1849 मध्ये सोसायटीनं मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सभासद तिथे बिनपगारी शिकवायला जाऊ लागले. दादाभाई नौरोजी याच गोतावळ्यातले. आज वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला आपण जे ‘विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव’ वगैरे म्हणतो, त्याच्यापुढे हे फारच जागं प्रकरण होतं.

बाहेरून वक्ता बोलवायची आणि गावानं जमून ऐकायची सवय पुढे पुण्यात रुजली, तीही कॉलेजबाहेर. 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. एप्रिल-मेमध्ये, ऐन सुट्टीत, रोज एक व्याख्यान. त्याच वर्षी रानड्यांच्याच निमंत्रणावरून दयानंद सरस्वती पुण्यात येऊन व्याख्यानं देऊन गेले. कीर्तनाला जाऊन बसणाऱ्या शहराला व्याख्यानाला जाऊन बसणं जड गेलं नसावं. व्याख्यानानंतरचा चहा मात्र जड गेला. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, पुढे त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून टिळक आणि रानडे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. व्याख्यानापेक्षा चहापान जास्त लक्षात राहण्याची आपली परंपरा तेव्हापासूनची, असं म्हणायला हरकत नाही.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची, फर्ग्युसन कॉलेज 1885 चं. ज्या कॉलेजात आगरकर, टिळक आणि नंतर गोखले वर्गावर शिकवत होते, तिथे पाहुण्याची वेगळी गरज काय असणार? पण व्याख्यान आणि राजकारण यांच्यामधली भिंत पातळ होती आणि ते सरकारलाही दिसत होतं. 1905 मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसनच्या विद्यार्थ्याला, विनायक दामोदर सावरकरांना, दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. 1907 साली हिंदुस्थान सरकारचं रिस्ले परिपत्रक आलं. विद्यार्थी आणि शिक्षकांनी राजकीय सभांपासून लांब राहावं, असा त्याचा सरळ अर्थ. माझ्या मते आपल्या कॉलेजांमधल्या व्याख्यानांचा सूर इथे बदलला. संतसाहित्य, आरोग्य, इतिहासातले थोर पुरुष हे विषय वाढले, आणि वक्त्याला आधीच ‘राजकारण तेवढं टाळा’ असं हळूच सुचवायची पद्धत पडली. ती अजून मोडलेली नाही.

पाहुणा कोण असावा यावरचा सगळ्यात भयंकर अभिप्रायही फर्ग्युसनमध्येच नोंदला गेला. 22 जुलै 1931 रोजी मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन कॉलेज पाहायला आले होते. सोलापुरात मार्शल लॉ लागून फार दिवस झाले नव्हते, आणि त्याच जानेवारीत सोलापूरच्या चौघांना फाशी दिली गेली होती. वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं त्यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी आदळली आणि हॉटसन वाचले. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर पुणेकरांनी त्यांच्या आडनावाला पाहुण्याचं नाव कायमचं जोडलं: हॉटसन-गोगटे.

स्वातंत्र्यानंतर वक्त्याची सोय विद्यापीठानं आपल्या हाती घेतली. पुणे विद्यापीठ 1949 साली सुरू झालं. त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची व्याख्यानमाला आजही त्यांच्या नावानं चालते. वक्त्यांची यादी मंडळाकडे असते, कॉलेजनं त्यातून नावं आणि विषय निवडायचे, मानधन मंडळाकडून. आडगावच्या कॉलेजला हे वरदान आहे. एरवी तिथे वक्ता येणार कुठून? पण यादीतून वक्ता निवडताना यादीबाहेरचा माणूस सुचतच नाही, हाही अनुभव आहे. एकाच वक्त्याचं ‘व्यक्तिमत्त्व विकास’ तीन वेगवेगळ्या कॉलेजांत ऐकलेले प्राध्यापक भेटतात. विनोद कुठे येणार हे त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे पहिल्या रांगेतून हशा वेळेआधीच सुरू होतो.

गॅदरिंगनं मात्र या काळात कमाल केली, आणि तीही पुण्या-मुंबईबाहेर. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून, ज्यांच्या घरात आधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशी मुलं तिथे आली. 1955 च्या स्नेहसंमेलनासाठी प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं आणि मुलांनी ते खुद्द बाबासाहेबांसमोर केलं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना या प्रयोगाचं नाव अगदी आरंभी घेतात. म्हणजे ज्याला आपण ‘नाचगाणी आणि फिशपाँड’ म्हणून बाजूला टाकतो, त्याच कार्यक्रमपत्रिकेत एका रंगभूमीची सुरुवात छापलेली होती. प्रमुख पाहुणे प्रेक्षकांत बसलेले आणि ज्यांची गोष्ट तीच मुलं रंगमंचावर.

नाटकाची ही ऊर्जा पुढे स्पर्धांकडे वळली. महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्याच्या संस्थेनं 1963 मध्ये पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर भर, नेपथ्य-प्रकाशाच्या चमत्काराला बक्षीस नाही. भरत नाट्य मंदिराबाहेर ‘अरे आवाज कुणाचा’ची आरोळी ज्यानं एकदा ऐकली, त्याला कॉलेजाचं नाव म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. परीक्षकही तसेच. 2022 साली एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून त्यांनी मुख्य करंडक कुणालाच दिला नाही.

मग फळ्यावरची ती वाटणी पक्की झाली कधी? मला विचाराल तर 1994. मुंबईत 1989 साली एका विद्यार्थी नेत्याचा निवडणुकीच्या धुमाळीत खून झाला होता, आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद करून विद्यार्थी मंडळावर गुणवत्तेनुसार नेमणुका सुरू केल्या. निवडून आलेला जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी, भांडून पाहुणा ठरवायचा. नेमलेला जीएस प्राचार्यांना विचारतो. 2016 च्या कायद्यात निवडणुका परत आल्या खऱ्या, प्रत्यक्षात त्या लांबतच गेल्या. त्याच 1994 साली नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, स्थापना झाली. तेव्हा कुणाला फरक कळला नाही, पण मूल्यांकनाचे फेरे सुरू झाले तसा प्रत्येक व्याख्यानाचा अहवाल, हजेरीपत्रक आणि फोटो फायलीत लागायला लागला. आता फोटोवर अक्षांश-रेखांश आणि वेळही यावी लागते.

त्यामुळे हल्ली शाल-श्रीफळ सुरुवातीलाच उरकतात. हॉल तेव्हा भरलेला असतो, आणि फोटोत मागे फ्लेक्सवरचा विषय नीट वाचता यावा म्हणून वक्त्याला अर्धं पाऊल डावीकडे सरकवतात. अहवाल त्या फ्लेक्सवरून लिहितात. वक्त्यानं ऐनवेळी विषय बदलला, तर त्याची नोंद कुठेच होत नाही.