बाहुली आधी दवाखान्यात आली, मग वर्गात

कठपुतळीचे खेळ हजारो वर्षं जुने आहेत, पण ते उपचारासाठी वापरायचे हे डॉक्टर लोकांना सुचलं त्याला अजून शंभर वर्षंही झाली नाहीत. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये लॉरेटा बेंडर आणि अ‍ॅडॉल्फ वोल्टमन यांनी मुलांच्या मानसोपचार वॉर्डात हातमोजा बाहुल्यांचे शो सुरू केले, आणि १९३६ मध्ये त्यावर पेपर लिहिला. नायक कॅस्पर, सोबत आईबाबा, माकड, मगर वगैरे मंडळी. मुलं कॅस्परच्या निमित्ताने स्वतःचा राग आणि भीती बोलून दाखवायची, म्हणजे जे डॉक्टरला तोंडावर सांगणं शक्य नव्हतं ते बाहुलीच्या नावावर खपून जायचं. पण इथे बाहुली होती ती डॉक्टरला मूल समजावं म्हणून.

पुढे ती मुलाच्याच हातात आली. बोलायला त्रास होणारं मूल बाहुलीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करतं, चुकलं तरी चूक बाहुलीची. ज्याची बोटं नीट वळत नाहीत त्याच्यासाठी बाहुली मनगटाला वेल्क्रोने बांधायची किंवा जाड काठीवर बसवायची, कारण हातमोज्यात तीन बोटं वेगवेगळी हलवावी लागतात आणि तिथेच गाडं अडतं. कर्णबधिर मुलांसाठी माणसाचे खरे हात असलेली बाहुली चांगली, तिला साइन लँग्वेज करता येते, नुसतं तोंड उघडझाप करणाऱ्या बाहुलीचे ओठ वाचता येत नाहीत हो!

माझ्या मते खरं वळण १९७७ चं. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यामुळे दिव्यांग मुलांना सरकारी शाळांची दारं उघडली, पण बाकीच्या मुलांना त्यांच्याशी वागायचं कसं ते कोणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा बार्बरा आयेलो या स्पेशल एज्युकेशनच्या शिक्षिकेने ‘किड्स ऑन द ब्लॉक’ हा बाहुल्यांचा शो सुरू केला. मुलांएवढ्याच उंचीच्या बाहुल्या, बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यासारख्या, चालवणारा काळ्या कपड्यात समोरच दिसतो. त्यातला मार्क रायली व्हीलचेअरवर, त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं. शो झाला की पोरं थेट मार्कलाच विचारणार, तू टॉयलेटला कसा जातोस, हे दुखतं का, असले मोठ्यांनी दटावून गप्प केले असते ते सगळे प्रश्न. म्हणजे आता शिकायचं होतं ते दिव्यांग मुलाने नाही, त्याच्या शेजारी बसणाऱ्याने.

‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमातली ऑटिस्टिक (स्वमग्न) बाहुली ज्युलिया याच वाटेवरची, २०१५ मध्ये ऑनलाइन गोष्टीत आणि २०१७ ला टीव्हीवर आली. तिला हातांच्या दोन जोड्या आहेत, एक साधी आणि एक आनंदात हात फडफडवायला, आणि तिला चालवणाऱ्या स्टेसी गॉर्डन यांचा मुलगाही ऑटिस्टिक आहे. तरी २०१९ मध्ये ऑटिस्टिक लोकांच्याच एका संघटनेने कार्यक्रमाशी नातं तोडलं, कारण ज्युलियाचा चेहरा अशा संस्थेच्या प्रचारात वापरला गेला जिची ऑटिझमकडे बघायची दृष्टीच त्यांना मान्य नव्हती.