क्षारपड जमिनीचे जैविक पुनरुज्जीवन

अतिसिंचनाने क्षारपड व चोपण झालेली जमीन मातीतील जिवाणू आणि बुरशी यांच्या साहाय्याने पुन्हा पिकती करण्याची ही पद्धत आहे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या मिरज, वाळवा व पलूस तालुक्यांतील ऊसपट्ट्यात तिची निकड मोठी असून कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात अशा जमिनींवर काम होते.

उसाला दिलेले जादा पाणी मुरून भूजल वर येते, उन्हाने ते उडून जाते आणि क्षार मागे राहतात; उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर दिसणारा पांढरा थर तो हाच. पुढे सोडियम बळावला की जमीन चोपण होते, म्हणजे ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी. तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) ८.५ च्या वर जातो आणि हवेअभावी तिच्यातील उपयुक्त जीवही मंदावतात.

काळ्या जमिनीत चुनखडी पुष्कळ असते, पण ती सहसा विरघळत नाही. शेणखतात मिसळून गंधक घातल्यास थायोबॅसिलस गटातील जिवाणू त्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार करतात. त्यात चुनखडी विरघळून कॅल्शियम मोकळा होतो आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो. जिप्सम या खनिज भूसुधारकातून कॅल्शियम बाहेरून द्यावा लागतो, येथे तो शेतातच सापडतो. मात्र या जिवाणूंना ओलावा, ऊब आणि वेळ लागतो.

जिवाणूंच्या जोडीला बुरशीही कामी येते. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला 'मायकोरायझा' हे नाव १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी दिले. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर पेशींच्या आत या बुरशीची झाडासारखी फांद्या फुटलेली निळी नक्षी दिसते. तिचे तंतू मूळ पोहोचत नाही तेथून स्फुरद (फॉस्फरस) आणतात. म्हणून स्फुरदयुक्त खताचा भरमसाट डोस दिला की पिकाला तिची गरज उरत नाही आणि ती मुळांत कमी वाढते. धैंचा या हिरवळीच्या खताच्या पिकाच्या मुळांवरील गाठ नखाने फोडून पाहणे ही आणखी सोपी परीक्षा आहे: आत तांबूस रंग असेल, तर जिवाणू हवेतील नत्र (नायट्रोजन) बांधत आहेत असे समजावे.

जिवाणू खताची बाटली आणली की जमीन सुधारते, हा समज घातक आहे. सुटा झालेला सोडियम चांगल्या पाण्याने धुऊन शेताबाहेर काढावाच लागतो, आणि त्यासाठी चर किंवा भूमिगत सच्छिद्र पाईप नाल्यापर्यंत न्यावे लागतात. उताराला दुसऱ्याचे रान असेल, तर ही वाट शेजाऱ्याच्या संमतीशिवाय निघत नाही.