जीप पोत्यात भरून आणू नका
(जुनी जीप घरच्या घरी खोलून पुन्हा नवी करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोलापुरातल्या जीप दुरुस्तीच्या शेडच्या दारात एक छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. मागे जीपची बॉडी, बॉडीत चार चाकं आणि चाकांच्या मध्ये साखरेची तीन पोती. उरलेली सगळी जीप त्या पोत्यांत होती. मालक बार्शीकडचे, हौशी. महिनाभर घरामागच्या पत्र्याखाली बसून एकट्याने गाडी खोललेली. म्हणाले, "खोलायचं काम आम्ही उरकलंय. तुम्ही फक्त जोडून द्या आणि तेवढी मजुरी कमी करा."

त्या पोत्यांतली जीप नुसती ओळखायलाच आम्हाला सहा दिवस लागले. जोडणी त्यानंतर सुरू झाली.

फोनवर रोज एकदा तरी विचारलं जातं, "खोलून आणली तर किती कमी घ्याल?" कमी घेत नाही, उलट जास्त पडतात. यात आमची अडवणूक नाही. कारण एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे फोनवर घासाघीस नको.

गाडी सीजे थ्री-बी असो, एमएम ५४० असो की मेजर, पाना कसा धरायचा हे तुम्हाला सांगायची गरज नाही. बॉडी उतरवा, सीट काढा, स्प्रिंगचे पाटे सोडवा, खुशाल करा. आमचं रडगाणं फक्त एका वस्तूचं आहे: शिम.

शिम म्हणजे कागदासारखी पातळ पत्र्याची चकती. काही तर तीन-पाच हजारांश इंचाच्याच असतात. डिझेलमध्ये भाग धुताना ती बोटाला चिकटून निघते आणि संध्याकाळी कचऱ्याबरोबर झाडून जाते. बघणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी पॅकिंगचा तुकडा असेल. पण अख्ख्या गाडीची चाल तिच्यावर उभी असते.

पुढच्या चाकामागचं नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा घ्या. ते ज्या किंगपिनांवर (उभ्या खिळ्यांवर) फिरतं, त्यांच्या वरच्या आणि खालच्या टोपीखाली शिम असतात. त्या कमी झाल्या की बेअरिंग आवळतं आणि स्टिअरिंग वळवताना खांदे दुखतात. जास्त झाल्या की नकल सैल पडतं. मग हैदराबाद रोडला गाडी साठच्या पुढे गेली, एखादा खड्डा लागला, की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं. माणूस आधी बॅलन्सिंग करतो, मग टाय रॉड बदलतो, मग डॅम्पर बसवतो. मूळ दुखणं त्या टोपीखालीच राहतं. आम्ही तिथे भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा लावून नकल ओढून बघतो. किती ताणाला ते हलतं, यावरून शिम घालायच्या की काढायच्या ते ठरतं. वरच्या टोपीच्या शिम वर आणि खालच्या खाली आल्या असतील तर हे काम चहा गार व्हायच्या आत होतं. पोत्यातून आल्या असतील तर अर्धा दिवस गेला म्हणा.

क्राउन-पिनियनची, म्हणजे ॲक्सलच्या हौसिंगमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेचक्रांची गोष्ट याहून कडक. दोन्ही दातेचक्रं जोडीनेच घासून बनवलेली असतात आणि दोन्हींवर जुळणारा आकडा कोरलेला असतो. पिनियन किती आत बसायचा, क्राउनच्या दातांत किती फट ठेवायची, हे सगळं शिमवर ठरतं. जुने भाग जुन्याच शिमसकट आपापल्या जागी गेले तर पूर्वीची बसणी पुन्हा मिळते. शिम हरवल्या तर आम्हाला शून्यापासून सुरू करावं लागतं: हौसिंग बांधा, डायल गेज लावा, दातांना रंग लावून ठसा बघा, उघडा, शिम बदला, पुन्हा बांधा. पाच-सहा वेळा तरी. आमच्या मिस्त्रींना हे काम मनापासून नकोसं आहे. ते घाईत केलं तर हौसिंग रडतं, आणि दोन महिन्यांनी तुम्ही आवाज ऐकवायला परत येता.

मागच्या ॲक्सलच्या टोकाला, ब्रेकच्या बॅकिंग प्लेटपाशी शिम असतात. ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या मागच्या टोपीलाही असतात. या केसमध्ये आणखी एक गंमत आहे. लिव्हरचे दांडे बाहेर ओढले की स्प्रिंगवरची पोलादी गोळी टपकन उडते आणि नेमकी पलंगाखाली जाते. दांडा ओढताना त्या भोकावर चिंधी धरा. चिंध्यांचा आपल्या सोलापुरात तोटा नाही. दोन दांड्यांच्या मध्ये एक छोटी कांडीही असते. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो गिअर पडू नये म्हणून ती असते, कारण नुसत्या मागच्या ॲक्सलवर लो गिअरचा सगळा जोर टाकणं म्हणजे शाफ्ट तोडायला बोलावणं. काही जण ती मुद्दाम काढतात. काढायची तर काढा, पण आम्हाला सांगा. आम्ही ती हरवली म्हणून शोधत बसतो.

इंजिन खोललंत तर एवढंच: मेन बेअरिंगच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांची अदलाबदल करू नका, त्या उलट्याही बसवू नका. त्या आपापल्या जागीच बोअर केलेल्या असतात.

हे ज्ञान मलाही फुकट मिळालेलं नाही. विशीत असताना एका हौसिंगमधल्या शिम मी गंजका पत्रा समजून फेकून दिल्या होत्या. वडील ओरडले नाहीत. मायक्रोमीटर हातात दिला आणि पितळी पत्र्याच्या शिम कापायला बसवलं. दोन दिवस.

तरीही खोलायचीच असेल, आणि हौस आम्हाला कळते, तर असं करा. खोलायच्या आधी फोटो काढा. नंतरचा फोटो म्हणजे नुसत्या ढिगाचा फोटो. एका टोपीच्या शिम एका बाइंडिंग वायरमध्ये ओवा आणि त्याच टोपीला बांधा. धुताना सोडू नका, वायरसकट धुवा. मार्करवर भिस्त ठेवू नका, डिझेल लागलं की अक्षर जातं. पंच घ्या: डाव्या भागावर एक ठिपका, उजव्यावर दोन. बोल्ट काढल्यावर त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. वायरिंग कापू नका, दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा. शेंगा चटणीच्या रिकाम्या बरण्या आणल्यात तरी चालेल, पण एका बरणीत एकाच जागेचा माल. एका ताईंनी मुलाच्या कंपासपेटीत आख्खी ट्रान्स्फर केस क्रमाने लावून आणली होती, गोळ्या आणि स्प्रिंगांसकट. त्यांची मजुरी आम्ही न मागता कमी केली.

आता मॉडिफिकेशनचं, थोडक्यात.

भंगारातून हौसिंग आणलंत तर दाते मोजा. क्राउनचे ४३ आणि पिनियनचे ८ म्हणजे ५.३८ चा रेशो. पुढे एक रेशो आणि मागे दुसरा असेल तर फोर-व्हील टाकल्यावर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि त्यात ट्रान्स्फर केस मरते. मोठे टायर लावलेत तर स्पीडोमीटर कमी दाखवणार. २९ इंचांवरून ३१ वर गेलात तर काट्यावर ६० असताना गाडी ६४ ला असते, आणि ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर जुना एकेरी असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. टायरवर खर्च करायच्या आधी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घ्या. आमच्याकडे तयार असतो म्हणून सांगतोय असं वाटेल. तयार असतोच, पण बाहेरून बसवलात तरी आमचं काही म्हणणं नाही.

गंजाच्या बाबतीत कोकणापेक्षा आपण सुखी. तरी काळी माती चासीच्या खोबणीत बसली की वर्षानुवर्षं ओल धरून ठेवते. ज्या जीपमधून युरियाची पोती वाहिली तिचा फ्लोअर तर आतून गेलेलाच असतो. लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

चासी नंबरच्या पट्टीवर ग्राइंडर फिरवू नका. पासिंगला त्या नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात. नंबर पुसट झाला तर आम्ही जोडलेली चकचकीत जीप तुमच्या अंगणातच उभी राहील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाहीत असे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. त्यामुळे चासी कापून लांबवायची, दुसऱ्याच कंपनीचं इंजिन टाकायचं, ही कामं आम्ही घेत नाही. "दुसरे करून देतात" हे आम्हाला माहीत आहे.

ज्यांची गाडी ५० वर्षांवरची आहे त्यांनी हातोडी उचलायच्या आधी थांबावं. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरात मात्र काढता येत नाही. शेतावर जायला जीप हवी असेल तर हा नाद सोडा.

आमची पद्धत अशी. गाडी बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही. हौसिंग आणि ट्रान्स्फर केस उघडल्यावर दुसरा आकडा सांगतो. तो मान्य नसेल तर उघडण्याची मजुरी देऊन माल परत न्या, राग नाही. बदललेला प्रत्येक जुना भाग खोक्यात घालून परत देतो. तारीख देतो ती लेथवाल्याच्या भरवशावर, म्हणून चार दिवस इकडेतिकडे धरा.

आणि सगळ्यात स्वस्त पडणारी गोष्ट: खोलायचा पहिला दिवस आमच्या शेडमध्ये घालवा. शनिवारी सकाळी गाडी ओढून आणा. पाना तुमच्या हातात, शेजारी आमचा मिस्त्री आणि बाइंडिंग वायरचं बंडल. हौसिंग, नकल आणि ट्रान्स्फर केस इथे उतरवून इथेच ठेवा, बाकीची जीप घरी न्या आणि सावकाश घासत बसा. त्या दिवसाची मजुरी पुढच्या बिलातून वजा होते.

येताना आरसीची मूळ प्रत, किल्ली आणि आधीच काही खोललं असेल तर पोत्याच्या तळाशी राहिलेला कचरासुद्धा घेऊन या. हरवलेल्यातल्या अर्ध्या शिम त्यातच असतात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, भोगी ते किंक्रांत, शेड बंद असते.