बक्षीसपत्रातली अट : ज्येष्ठांच्या संरक्षण कायद्याची पार्श्वभूमी

आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर टाकणाऱ्या तरतुदी २००७ पूर्वीही होत्या. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये त्या आढळतात. लग्न झालेली मुलगीही या जबाबदारीतून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच स्पष्ट केले होते. मात्र या मार्गाने पोटगी मिळवायची तर न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी तारखा पडत राहणे हीच मोठी शिक्षा होती.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा या अडचणीवरचा उपाय म्हणून आला. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या स्तरावरील न्यायाधिकरणापुढे करायचा, मूळ कलमानुसार तेथे वकील उभा करायचा नाही आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, अशी त्याची रचना आहे. महाराष्ट्राने आपले नियम २०१० मध्ये केले. चरितार्थाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार येतात. रकमेची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. वृद्धाला टाकून देणे हा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा ठरला. ‘छळ’ या शब्दाची व्याख्या मात्र या कायद्यात नाही. हा कायदा मुळात पोटापाण्याचा आहे, आणि वृद्धांची भांडणे प्रामुख्याने घराची असतात.

त्यामुळेच सारा भार कलम २३ वर येऊन पडला. कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठाने आपली मालमत्ता, देणगीदाराच्या मूलभूत सोयी व गरजा भागवण्याच्या अटीवर दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दडपणाखाली झाले असे मानून रद्द करता येते. आता ही ‘अट’ लिहायची कोठे? आपल्याकडील बक्षीसपत्रात ‘नैसर्गिक प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता’ हे ठराविक वाक्य असते; मुलाला ‘मला दोन वेळचे जेवण देशील’ असे मुद्रांकावर लिहून मागणे आईला अपमानास्पद वाटते. त्यातच महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाच्या नावे बक्षीस देण्यासाठी २०१५ पासून मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, म्हणजे हात आखडता घ्यावा असा खर्चही आड येत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट होती हे सिद्ध झालेच पाहिजे, केवळ हस्तांतर झाले एवढे पुरेसे नाही, असा निर्णय दिला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने, आईला सांभाळण्याचे लेखी वचनपत्र असलेल्या प्रकरणात, कायदा कल्याणकारी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगून मध्य प्रदेशातील आईला मालमत्तेचा ताबा परत देवविला. दोन्ही खंडपीठे दोन-दोन न्यायमूर्तींची, म्हणजे सारख्याच ताकदीची; त्यामुळे दुसऱ्या निर्णयाने पहिला पुसला जात नाही. शिवाय दुसऱ्या प्रकरणात हाती कागद होता. ज्या घरात असा कागद झालेलाच नाही, तेथे पहिल्या निर्णयाची सावली अजून गडद आहे.

मुलाला घराबाहेर काढण्याचा अधिकार कायद्यात स्पष्ट शब्दांत नाही, तो न्यायालयांनी वाचून घेतला. त्यावर पहिली मोठी मर्यादा २०२० मध्ये आली: कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला मिळालेला सामाईक घरातील निवासाचा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याच्या आडून हिरावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. सप्टेंबर २०२५ मधील मुंबईच्या एका प्रकरणात मात्र मुलगा आता स्वतःच साठीचा, म्हणजे कायद्याने ज्येष्ठ झाला, म्हणून त्याला काढता येणार नाही, हा युक्तिवाद टिकला नाही. अर्जाच्या दिवशीचे, म्हणजे ५९ वर्षांचे, वय ग्राह्य धरून मुलाने घर सोडावे असा आदेश झाला.

डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात १०,००० ची मर्यादा काढून टाकणे, सून व जावयाला जबाबदारीत आणणे आणि छळासाठी शिक्षा ठेवणे, असे तिन्ही प्रस्ताव होते. ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेची मुदत संपताच व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, झाले.