माळ्यावरची कॅसेट किती रुपयांची?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज या लिलावसंस्थेत ‘सुपर मारिओ ६४’ या गेमची न उघडलेली एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांच्या वर. ही बातमी मोबाइलवर फिरत फिरत परभणीत आमच्या भाच्यापर्यंत आली आणि त्याने त्याच दुपारी शिडी लावून माळा रिकामा केला. पितळी घागरी आणि कूलरच्या जुन्या जाळ्यांमागून पुठ्ठ्याचा खोका निघाला. त्यात टीव्ही गेम, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि चार पिवळ्या कॅसेट.

“मामा, ओरिजनल आहे ना हे? किती येतील ह्याचे?”

उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण सगळा घोळ त्या ‘ओरिजनल’ शब्दातच आहे, आणि तो सोडवायचा तर १९८३ पर्यंत मागे जावं लागतं.

निन्टेंडो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम हा टीव्ही गेम विकायला काढला. १९८५ मध्ये तोच अमेरिकेत नवं कवच घालून एनईएस नावाने गेला. आतला माल जवळपास एकच, पण दोन फरक पुढे फार महागात पडले. जपानी कॅसेटला ६० पिना होत्या, अमेरिकन कॅसेटला ७२. आणि अमेरिकन यंत्रात कुलपाचं काम करणारी एक चिप होती. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट लावली की खेळ सुरूच व्हायचा नाही. जपानी फॅमिकॉमला असलं कुलूप नव्हतं. तैवान, हाँगकाँगकडच्या कारखान्यांनी साहजिकच बिनकुलपाचं घर निवडलं आणि त्याच्या नकला काढल्या. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात जे ‘टीव्ही गेम’ म्हणून आले ते बहुतांश या नकलांचं गोत्र. औरंगाबादचं पैठण गेट असो, लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, खोक्यावरचं नाव बदलायचं, आतला प्रकार तोच.

आम्ही मात्र तेच अस्सल समजत होतो. दुसरं काही बघितलंच नव्हतं. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये आठव्या स्टेजला पोचलं की लाइट जायची. त्या कॅसेटीत सेव्ह नावाची भानगड नव्हती, म्हणून भारनियमन संपल्यावर पुन्हा पहिल्या जंगलापासून सुरुवात. कॅसेट चालली नाही तर काढायची, पिनांवर फुंकर मारायची, शर्टाला घासायची आणि देवाचं नाव घेऊन परत लावायची. वरच्या कागदावर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं असलं तरी मोजून पाहिलं तर गेम पाच-सहाच निघत. बाकी यादी म्हणजे तोच मारिओ तिसऱ्या स्टेजपासून, तोच कॉन्ट्रा तीस जीव घेऊन. फसवणूक म्हणा हवं तर, पण तीस जीव मिळाल्यावर तक्रार कोण करतो?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. पैठणी घ्यायला गेलं की जाणती बाई पदर उलटा करून बघते. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मशीनच्या सेमी पैठणीच्या पाठीवर सुटे धागे लोंबतात. कॅसेटचंही तसंच. स्क्रू काढून कवच उघडलं की निन्टेंडोच्या अस्सल कॅसेटमध्ये नीट पाय असलेल्या, अक्षरं छापलेल्या चिपा दिसतात. आमची पिवळी उघडली तर हिरव्या पट्टीवर मधोमध काळ्या लाखेचा वाळलेला थेंब. चिप त्याच्या पोटात, ना नाव ना गाव. भाच्याचा चेहरा त्या थेंबाइतकाच काळा झाला.

पण समजा, ती अस्सल निघाली असती तर? कंपन्या जुने गेम पुन्हा काढत असतात. अशा नव्या, अधिकृत आवृत्तीसमोर जुनीची किंमत वाढते की उतरते? जाहिरातवाले ‘अँटिक’ लिहून मोकळे होतात. खरं तर एकाच गेमला दोन किमती असतात, एक खेळायची आणि एक ठेवायची. नवी आवृत्ती आली की पहिलीला धक्का बसतो, कारण खेळायला आता जुनं यंत्र शोधावं लागत नाही. दुसरीला बहुतेकदा ओरखडाही पडत नाही. उलट नवी आवृत्ती पाहून ज्यांना बालपण आठवतं, त्यांतले पैसेवाले मूळ प्रत शोधायला निघतात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ‘स्टेडियम इव्हेंट्स’. १९८७ मध्ये बांदाई कंपनीने हा धावण्या-उड्यांचा गेम एनईएससाठी काढला. तो पायाखालच्या चटईवर पळून खेळायचा. थोड्याच दिवसांत निन्टेंडोने त्या चटईचे हक्क घेतले, चटईला ‘पॉवर पॅड’ असं नवं नाव दिलं आणि १९८८ मध्ये तोच गेम ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ म्हणून पुन्हा आणला. जुन्या नावाचा माल दुकानांतून मागे घेतला गेला. त्याआधी जेमतेम दोनशे प्रती गिऱ्हाइकांच्या हाती गेल्या असाव्यात, असं संग्राहक धरून चालतात. गेम एकच, धावणारा माणूसही एकच. पण ‘वर्ल्ड क्लास’ची सुटी कॅसेट काही डॉलरना मिळते आणि २०१० मध्ये ‘स्टेडियम इव्हेंट्स’ची सीलबंद प्रत ४१,३०० डॉलरना विकली गेली. इथे पुनर्प्रकाशनानेच मूळ प्रतीला मोल आणून दिलं, कारण तिची छपाई तिथेच थांबली. जुन्या मराठी पुस्तकांच्या बाजारात पहिल्या आवृत्तीला जो मान आहे, त्याचंच हे टोकाचं रूप. फक्त पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत निदान मुद्रणदोष तरी सुधारतात.

मारिओचं गणित याच्या उलट दिसतं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. त्याच्या प्रती कोट्यवधींनी विकल्या, म्हणजे दुर्मीळ म्हणायची सोय नाही. पुन्हा तो निघाला किती वेळा? १९९३ मध्ये ‘ऑल-स्टार्स’ या संचामध्ये, २००४ मध्ये निन्टेंडोच्याच गेम बॉय अॅडव्हान्स या यंत्रावर, २०१० मध्ये ‘वी’ या यंत्रावर, २०२० मध्ये तर हातात मावणाऱ्या एका छोट्या यंत्रात. इतकं सगळं होऊनही एप्रिल २०२१ मध्ये त्याची एक सीलबंद प्रत ६ लाख ६० हजार डॉलरना गेली. १९८६ मध्ये कुणीतरी ती ख्रिसमसची भेट म्हणून आणली आणि टेबलाच्या खणात ठेवून विसरून गेला. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे विसरायचेच पैसे?” हो, तसंच म्हणायचं.

त्या पैशांत खेळाचा वाटा शून्य. पैसे पुठ्ठ्याचे, पारदर्शक वेष्टनाचे आणि छपाईच्या क्रमाचे. सुरुवातीच्या खोक्यांना वरच्या बाजूला चिकटपट्टीचं सील असायचं, पारदर्शक वेष्टन, म्हणजे श्रिंक रॅप, नंतर आला. मागच्या बाजूला दुकानात खिळ्याला टांगायची जागा आहे की नाही, एवढ्यावर भाव हलतो. हे बघून शेरा देणारी वाटा नावाची कंपनी २०१७ मध्ये निघाली. ती प्रतीला दहापैकी गुण आणि सीलला वेगळा दर्जा देऊन ती प्लास्टिकच्या कडक पेटीत बंद करते. लिलावात वर जाणारे आकडे या पेट्यांचे असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मारिओचीच एक प्रत वीस लाख डॉलरवर पोचली. नंतर भाव उतरले, आणि २०२२ मध्ये बाजार कृत्रिमपणे फुगवल्याचा आरोप करत वाटावर अमेरिकेत खटलाही दाखल झाला. माझं मत विचाराल तर जो गेम कधी लावायचाच नाही, त्याच्यासाठी घराची किंमत मोजणं हा शेअरबाजाराचा खेळ आहे, व्हिडिओ गेमचा नाही.

उलट दिशेची गंमत निन्टेंडोने स्वतःच दाखवली. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी तीस जुने गेम आत भरलेला छोटा एनईएस काढला, किंमत साठ डॉलर. तो दुकानात टिकेना, आणि एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने उत्पादनच थांबवलं. लगेच तो दलालांकडे कितीतरी पट भावाने विकायला लागला, म्हणजे पुनर्प्रकाशित मालच संग्राह्य होऊन बसला. मग जून २०१८ मध्ये कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला आणि दलालांचा फुगा फुटला. ती किंमत तुटवड्याची होती. तुटवडा संपला की ती जाणारच.

आपल्याकडच्या कॅफेवाल्या पिढीला याहून जवळचा दाखला ‘जीटीए व्हाइस सिटी’चा. मूळ गेम २००२ चा. गाडीत बसलं की रेडिओ लागायचा आणि त्यावर ऐंशीच्या दशकातली खरी गाणी वाजायची, मायकल जॅक्सनसुद्धा. गाण्यांचे करार मुदतीचे असतात, गेम मात्र तसाच राहतो. त्यामुळे नंतरच्या डिजिटल प्रतींतून काही गाणी गळाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हाइस सिटीसह जीटीए मालिकेतल्या तीन जुन्या गेमची नवी सजवलेली आवृत्ती आली तेव्हा रॉकस्टार या तिच्या कंपनीने जुन्या प्रती ऑनलाइन दुकानातून काढून टाकल्या होत्या. नवीत इतक्या चुका निघाल्या की कंपनीला माफी मागून जुन्या परत आणाव्या लागल्या. अशा वेळी पहिल्या छपाईच्या डिस्कमध्ये जे आहे ते दुसरीकडे कुठेच नसतं, मग बाजारात तिला चार पैसे कमी का मिळेनात. आम्ही अर्थात ते सगळं तासाला दहा रुपये देऊन कॉपी केलेल्या प्रतीवर ऐकलं.

मराठवाड्यातल्या घरात खरंच शोधण्यासारखं काही असेल तर ते पीएस टूच्या, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २ या यंत्राच्या, काळातलं. २००९ मध्ये भारतातच बनलेले ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ हे गेम त्यावर निघाले. दुसऱ्यात कबड्डी आणि गिल्लीदांडूसुद्धा आहे. इतक्या वर्षांत त्यांची नवी आवृत्ती निघालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये काढलेला हिशेब असा की तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. तिथली ही गत, तर आपल्या या दोघा-चौघांची आठवण कोण ठेवणार? खोका, पुस्तिका आणि ओरखडा नसलेली डिस्क असा संच हाती आला तर भंगारात टाकू नका. अडचण एवढीच की आपले बहुतेक पीएस टू कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेले, आणि शेजारच्या पाकिटात स्केचपेनने नाव लिहिलेल्या डीव्हीडी.

भाच्याला शेवटी खेळून तरी बघायचं होतं. लाल, पिवळी, पांढरी वायर जुळवली, रोड फायटर लागला, दोघांनी तासभर गाड्या ठोकल्या. मग त्याने बंदूक उचलली आणि बदकांवर नेम धरला. एकही पडेना. त्या बंदुकीतून काही सुटत नाही, तीच टीव्हीकडे बघते. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या काचेच्या टीव्हीत हे ठरल्या क्षणी घडायचं. एलईडीवर चित्र किंचित उशिरा उमटतं आणि डोळा चुकतो. म्हणून २०१४ मध्ये निन्टेंडोच्या ‘वी यू’ या यंत्रावर हाच बदकांचा गेम, ‘डक हंट’, पुन्हा आला तेव्हा नेम धरायला वीचा रिमोट वापरावा लागला.

बदकं मारायची तर डबा टीव्ही हवा. आमचा एक्स्चेंज ऑफरमध्ये गेला, दीड हजार रुपयांना. भाचा आता गल्लीत विचारत फिरतोय, कुणाकडे पडलेला असेल तर सांगा म्हणून.