कृषिवनीकरण (बेळगाव सीमाभाग)

पिकांसोबत त्याच रानात झाडेही जाणीवपूर्वक राखण्याच्या पद्धतीला कृषिवनीकरण किंवा वनशेती म्हणतात. सीमाभागातला शेतकरी यातला एकही शब्द वापरत नाही. तो ‘बांधावरची झाडं’ म्हणतो, आणि त्यात बहुतेक सगळे येते.

बेळगाव जिल्ह्यात सर्वांना एकच झाड सुचवणे फसवे ठरते. खानापूर तालुक्यात कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला अथणीकडे त्याचा पाचवा हिस्साही मुश्किलीने. पश्चिमेला भातखाचरांच्या वरच्या उतारावर काजू, आंबा, फणस माती धरून ठेवतात. पूर्वेच्या काळ्या रानात बाभूळ आणि कडुलिंब उन्हाळी वारा अडवतात. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना, लाकूड औतांना. ट्रॅक्टर आल्यावर औतासाठी बाभूळ राखायचे कारणच उरले नाही.

सर्वांत स्वस्त लाभ गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाचा. फांदी खोचली तरी ते जगते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात आणि तो पाल्यात उतरतो. कोवळा पाला छाटून चिखलणीत तुडवला की लवकर कुजतो, तेवढा युरिया वाचतो. बिया आणि साल उंदरांना विषारी, म्हणून याला उंदीरमारीही म्हणतात.

तोटा सावलीचा. मुळेही पिकाचे पाणी ओढतात, म्हणून नियमित छाटणी टाळता येत नाही. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे उत्तरेच्या बांधावरच्या झाडांची सावली आपल्या पिकावर पडत नाही; ती शेजाऱ्याच्या पिकावर पडते, आणि भांडण तिथूनच सुरू होते.

भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण स्वीकारले. असे धोरण आखणारा तो पहिला देश. कर्नाटकाची कृषी अरण्य प्रोत्साहन योजना त्याआधीची, २०११-१२ची. तिच्यात वनखात्याच्या रोपवाटिकेतून सवलतीत रोपे मिळतात, आणि जगलेल्या रोपांमागे तीन वर्षे अनुदान. नुसते खड्डे मोजण्यापेक्षा हे शहाणपणाचे. कर्नाटकाच्या वन कायद्यातल्या २००१च्या दुरुस्तीने खासगी जमिनीतले चंदन जमीनमालकाचे झाले. मात्र चंदन अर्धपरोपजीवी आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांतून पाणी आणि क्षार घेतात, म्हणून रोपाजवळ तूर लावतात. पुढे खोडात सुगंधी गाभा धरू लागला की चोरांपासून राखण करावी लागते.