मंगळाच्या मातीत खिळा का शिरला नाही?

मंगळावरच्या वसाहतीचे व्हिडिओ हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर सारखे फिरतात. त्यात यंत्रं तिथली जमीन बघता बघता खणून टाकतात. प्रत्यक्षात 'नासा'च्या इनसाइट यानाला तिथे ५ मीटर खोल जायचं होतं आणि घोडं अर्ध्या मीटरच्या आतच अडलं.

इनसाइट २६ नोव्हेंबर २०१८ला एलिसियम प्लॅनिशिया या सपाट मैदानावर उतरलं. ग्रहाच्या पोटातून किती उष्णता बाहेर पडते, हे मोजायला त्यावर जर्मनीत बनवलेला 'मोल' होता. हा ४० सेंटिमीटर लांब, २.७ सेंटिमीटर जाड खिळा. मागे तापमापक बसवलेली पट्टी.

मुंबईत टॉवरचं पायलिंग चालतं, तेव्हा वर भलंमोठं रिग उभं असतं. मोलवर तसं काहीच नव्हतं, हातोडा त्याच्या पोटातच. मोटर स्प्रिंग दाबते, स्प्रिंग सुटते, हातोडा टोकावर आदळतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार धक्का मागेही बसतो. त्यातला बराचसा आतलं दुसरं वजन आणि दुसरी स्प्रिंग पचवतात. उरतात ५ ते ७ न्यूटन, म्हणजे पृथ्वीवर अर्धा-पाऊण किलोचा भार. तो भोवतालच्या मातीच्या घर्षणानेच थोपवायचा. माती अंगाला भिडली नाही, तर मोल जागच्या जागी उसळत राहतो.

नेमकं तेच झालं. सैल वाळू ढासळून खिळ्याला धरेल, अशी अपेक्षा होती. इथले कण एकमेकांना चिकटलेले. भिंती उभ्याच राहिल्या आणि खड्डा रुंदावला. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के, त्यामुळे मातीचा स्वतःचा दाबही कमी. ऑक्टोबर २०१९मध्ये रोबोच्या हाताने बाजूने रेटल्यावर मोल थोडा सरकला, मग उलटा वर आला. नंतर त्याला वरून दाबून पाहिलं. शेवटी जानेवारी २०२१मध्ये आणखी ५०० ठोके देऊनही तो हलेना, तेव्हा प्रयत्न थांबवले.

तरी गाडलेल्या मोलने स्वतःला तापवून मातीची उष्णतावहनक्षमता मोजली: ०.०३९ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, जवळपास थर्मोकोलइतकी. ज्या ग्रहाच्या नावाने आजही मुलींची लग्नं अडवतात, त्याची माती अशी मोजता येते; पत्रिकेचा तो धाक आता तरी सोडायला हवा. दिवसाचं ऊन अशा मातीत खोल मुरत नाही, आणि वरची हवा इतकी विरळ की तीही ऊब धरत नाही. म्हणूनच फेब्रुवारी २०१९मध्ये तिथे एकाच दिवसात हवेचं तापमान उणे १७ अंशांवरून उणे ९५पर्यंत घसरलं.